लाइक येतात, काम येत नाही: अलीकडची कामं दाखवताना मी काय करते

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही दोन वर्षं कोल्हापुरात फ्रीलान्स इलस्ट्रेशन आणि डिझाइन करताय. गेल्या सहा महिन्यांतली नऊ कामं तुम्ही एकत्र करून दाखवलीत. कौतुक होतं, लाइक येतात, पण त्यातून नवीन काम येत नाही. क्लायंटचं काम त्याला न विचारता दाखवलं तर चालतं का, हे तुम्हाला कळत नाही. आणि शेवटी विचारलंय की हे सगळं कोल्हापुरात बसून होणार नसेल, तर पुण्याला जावं का.

मी हे काम चौदा वर्षं करतेय आणि पहिली तीन-चार वर्षं नेमकी तुमच्यासारखीच गेली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक स्पष्ट सांगते. तुमची चित्रं चांगली आहेत. रेषेवर हात आहे, रंग कुठे थांबवायचे तेही कळतं. त्यामुळे 'अजून सराव करा' हा सल्ला तुमच्या कामाचा नाही. अडचण दुसरीकडे आहे. तुमची नऊ कामं बघताना मला नऊ चित्रं दिसली, पण ती कुणासाठी केली, त्या माणसाची गरज काय होती, चित्र शेवटी कशावर छापलं गेलं, यातलं काहीच दिसलं नाही. सगळी पांढऱ्या चौकोनात, खाली 'रिसेंट वर्क' आणि वीस हॅशटॅग. काम देणारा माणूस असं पान बघतो तेव्हा तो तुमच्या चित्रावर खूश होतो आणि पुढे जातो, कारण त्याच्या डोक्यात त्याचा स्वतःचा डबा, पुस्तक, दुकानाची पाटी असते. तुम्ही त्याच्या अडचणीला हात घालू शकाल की नाही, हे त्याला चित्रावरून कळत नाही. ते तुम्हीच सांगावं लागतं.

आता हे कुणासाठी दाखवताय त्यावर बरंच अवलंबून आहे. तुम्हाला मुलांच्या पुस्तकांचं काम हवं असेल, तर संपादक बघतो की एकच पात्र वीस पानांत तसंच राहतं का, हातपाय आणि चेहऱ्यावरचे भाव तुम्हाला जमतात का. पॅकेजिंगचं काम हवं असेल, तर उद्योजक बघतो की तुम्ही छापखान्याशी बोलू शकता का. मासिकाच्या मुखपृष्ठासाठी विचार लागतो, लग्नपत्रिकेसाठी वेळेवर काम देणं लागतं. तुम्हाला यातलं काय जास्त हवंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी माझ्याच तीन अलीकडच्या कामांवरून सांगते. त्यातलं तुम्हाला लागू पडेल तेवढं घ्या.

पहिलं काम गुळाच्या खोक्याचं. पन्हाळ्याच्या बाजूचे एक गुऱ्हाळवाले माझ्याकडे आले. त्यांना एक किलोचं खोकं करायचं होतं, भेट म्हणून देता येईल असं. पहिलंच वाक्य होतं, "ताई, बैल पायजेच." म्हणजे बैलांनी ओढलेला चरक, शेजारी फेटा बांधलेला शेतकरी, मागे उगवता सूर्य. बाजारातल्या निम्म्या गुळावर हेच चित्र असतं. त्यांचं स्वतःचं गुऱ्हाळ मात्र कधीचं विजेच्या मोटरवर चालतं. मी त्यांना नाही म्हटलं नाही. म्हटलं, एकदा येऊन बघते.

जानेवारीत पहाटे गेले. धुकं होतं, चुलवाणात चिपाड जळत होतं आणि काहिलीतल्या रसाची वाफ छपरापर्यंत गेली होती. गूळ शिजवणारा गुळव्या भेंडीचा रस घालून मळी वर आणत होता आणि झाऱ्याने ती काढून टाकत होता. आधण, म्हणजे काहिलीत शिजत असलेला रस, उतरायच्या आधी त्याने थोडा पाक पाण्यात टाकून बोटांत धरून बघितला. त्या दोन सेकंदांत तिथली चारही माणसं त्याच्या हाताकडे बघत होती. मी वहीत पंधरा स्केचेस केली, त्यातली अकरा त्या हाताचीच होती. मालकांना ती दाखवली, तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की हा हात त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा आहे. बैलाचा विषय तिथेच संपला.

पण खरी झटापट पुढे होती. त्यांना क्राफ्ट कागदाचं तपकिरी खोकं हवं होतं आणि त्यावर गुळाचा सोनेरी पिवळा. छपाईची शाई पारदर्शक असते, पांढऱ्या कागदाचा उजेड तिच्यातून परत येतो म्हणून पिवळा पिवळा दिसतो. तपकिरी कागदावर तोच पिवळा मळका होतो. स्क्रीनवर मात्र तो छान दिसतो, कारण स्क्रीनवर आपण तपकिरी चौकोनावर पिवळा नुसता ठेवतो. मी त्यांना छापखान्यात घेऊन गेले आणि वाया गेलेल्या क्राफ्टच्या तुकड्यावर नमुना काढून दाखवला. मग उलटा विचार केला. कागदाचाच रंग गुळाचा रंग समजायचा, आणि एकाच गडद तपकिरी शाईत हात, पाक आणि वाफ काढायची. गुळाच्या खड्याची जागा मी कोरी सोडली. छपाई एका रंगाची झाल्याने खर्चही कमी झाला, आणि तो वाचलेला पैसा त्यांनी खोक्याचा पुठ्ठा जाड करण्यात घातला.

हे काम मी पहिल्यांदा दाखवलं तेव्हा चित्राची स्वच्छ फाइल टाकली होती. चांगलं चित्र म्हणून लोकांनी बघितलं आणि विसरले. दोन महिन्यांनी मी तेच काम पुन्हा दाखवलं. यावेळी पहिला फोटो दुकानाच्या फळीवरच्या खोक्याचा होता, आजूबाजूला इतरांचे रंगीत पुडे. दुसरा वहीतल्या हातांचा. तिसऱ्यात क्राफ्टवर मळका झालेला पिवळा, आणि शेजारी शेवटचा एकरंगी नमुना. खाली मराठीत पाच ओळी: त्यांना काय हवं होतं, कागदाने कुठे अडवलं, आम्ही काय ठरवलं. त्या पोस्टला पहिल्यापेक्षा कमी लाइक मिळाले. पण तीन फोन आले, एक काकवीच्या बाटलीसाठी, एक मसाल्यासाठी आणि एक चक्क छापखान्यातून, की तुम्हाला कागद कळतो तर आमच्याकडच्या गिऱ्हाइकांचं डिझाइन कराल का. त्या छापखान्याचं काम आजही चालू आहे.

माझ्या मते तो मळक्या पिवळ्याचा फोटो त्या पोस्टमध्ये सगळ्यात मोलाचा होता. आपण झालेली चूक लपवतो, फसलेला नमुना टाकून देतो. पण काम देणाऱ्याला तोच धीर देतो. त्याचा पैसा जाण्याआधी हा फसलेला नमुना तुम्ही पाचशे रुपयांत काढून बघितलात, हे त्याला दिसतं.

दुसरं काम मुलांच्या पुस्तकाचं, आणि इथे तुमच्या परवानगीच्या प्रश्नाचं उत्तर येतं. बत्तीस पानांचं पुस्तक, एक मुलगी आजोबांबरोबर पहिल्यांदा तालमीत जाते. मी कोल्हापुरातच, गंगावेशीच्या बाजूला लहानाची मोठी झाले, त्यामुळे लाल माती, तिच्यात मिसळलेलं ताक, तेल आणि हळद, त्या सगळ्याचा एकत्र वास माझ्या ओळखीचा होता. तरी मी कुस्त्यांच्या खासबाग मैदानात जाऊन बसले. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान, मधला आखाडा खोलगट आणि भोवती चढत गेलेल्या बसायच्या जागा. लहान मुलीच्या उंचीवरून ते कसं दिसेल हे बघायला मी सगळ्यात खालच्या पायरीवर बसून काढत होते. पुस्तकातली जी दोन पानं सगळ्यांना आवडली, ती तिथली आहेत.

त्यातलं एक पान मला फार आवडलं होतं. पुस्तक छापायला जायच्या आधीच मी ते लोकांना दाखवलं. प्रकाशकांनी मला तसं करू नका असं कुठे लिहून दिलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. त्यांना मात्र मुखपृष्ठ आणि आतली पानं प्रकाशनाच्या दिवशीच बाहेर काढायची होती. त्यांनी सौम्य शब्दांत नाराजी कळवली, मी पान काढून टाकलं, माफी मागितली. पुस्तक आलं, पण पुढचं पुस्तक माझ्याकडे आलं नाही. चूक माझी होती, आणि ती एका फोनने टळली असती.

म्हणून परवानगीबद्दल माझी पद्धत आता अशी आहे. कोटेशनमध्येच एक ओळ असते: काम बाजारात किंवा लोकांसमोर आल्यानंतर ते माझ्या कामांच्या संग्रहात, माझ्या नावासह दाखवण्याचा हक्क माझ्याकडे राहील. ज्यांना हे नको असतं ते तिथेच सांगतात, आणि मग मी तो मान ठेवते. काही उद्योजकांना खरंच गुप्तता लागते, नवीन उत्पादनाचं नाव बाहेर फुटू नये म्हणून. अशा वेळी सहा महिन्यांनी दाखवू का, एवढं विचारून ठेवा.

ही ओळ लेखी का लागते, तेही सांगते, कारण बहुतेक चित्रकारांना वाटतं की चित्र मी काढलं म्हणजे हक्क माझाच. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ मध्ये सर्वसाधारण नियम तोच आहे, पहिला मालक निर्माता. पण त्यातच अपवाद आहेत. नोकरीत केलेलं काम मालकाचं. आणि पैसे देऊन कुणी पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो करून घेणारा ठरतो. आपलं टॅबवर रंगवलेलं इलस्ट्रेशन या अपवादात बसतं की नाही यावर वाद होऊ शकतो, आणि वादात वेळ घालवणं आपल्याला परवडत नाही. हक्क सोपवायचे तर ते कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी असावे लागतात, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. हे क्लायंटलाही माहीत नसतं. मी त्यांना समजावून सांगते, की तुम्हाला खोक्यावर, जाहिरातीत, दुकानाच्या पाटीवर हे चित्र कायमचं वापरायचंय ना, मग तसं लिहूया. ते लिहिलं की त्यांचाही जीव भांड्यात पडतो. हे चित्र मी काढलं असं सांगण्याचा हक्क मात्र कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यानंतरही आपल्याकडे राहतो. मोठ्या रकमेचं काम असेल तर करार वकिलाला दाखवून घ्या. लहान कामाला ई-मेलवर दोघांनी मान्य केलेल्या चार ओळीही खूप उपयोगी पडतात, पण हक्क कायमचे द्यायचे असतील तर सही घ्याच.

तुमच्या नऊ कामांतल्या दोन लोगोंबद्दल इथेच बोलते. ते मोठ्या कंपन्यांचे तुम्ही स्वतःहून नव्याने केलेले लोगो आहेत, पण तसं कुठे लिहिलेलं नाही. बघणाऱ्याला वाटतं की त्या कंपन्यांनी तुम्हाला काम दिलं. पुढे त्याने विचारलं आणि खरं कळलं, की बाकीच्या सात खऱ्या कामांवरचाही विश्वास जातो. स्वतःहून केलेलं काम दाखवायला काहीच हरकत नाही, फक्त 'स्वतःचा सराव प्रकल्प' असं पहिल्या ओळीत लिहा. त्याहून चांगलं म्हणजे मोठ्या कंपनीचं सोडा आणि तुमच्या गल्लीतलं काहीतरी घ्या.

माझं तिसरं काम असंच सुरू झालं. दर रविवारी सकाळी मी लक्ष्मीपुरीत आणि महाद्वार रोडवर जाऊन हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्या काढत होते. किराणा, बँड, घड्याळ दुरुस्ती, चष्मे. त्या अक्षरांना सावली कशी दिलीय, 'श्री'चा वळसा कसा घेतलाय, शिरोरेघ कुठे तोडलीय, हे कागदावर उतरवत गेले. फ्लेक्स आल्यापासून ह्या पाट्या एकेक करून जातायत आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. आपलं गाव कलापूर म्हणवतं. चित्रकार आबालाल रहिमान इथल्या कोटितीर्थ तलावावर बसून निसर्ग रंगवत होते, बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले आणि १९१८ च्या सुमारास इथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, चित्रपटांची पोस्टर स्वतः रंगवली. पडदा असो की पोस्टर, ते कुठे टांगलं जाणार आणि किती लांबून बघितलं जाणार हे ठरवूनच रंगवलं जायचं. पाटी रंगवणारा पेंटर त्याच परंपरेतला आहे. हे मी माझ्या चित्रांखाली लिहीत गेले, दुकान कोणत्या रस्त्याला आहे तेही, आणि दुकानदाराला विचारूनच.

चौदा-पंधरा रविवार झाले असतील, तेव्हा चपला करणाऱ्या एका कुटुंबातला मुलगा भेटायला आला. त्याला फ्लेक्ससारखं दिसणारं नाव नको होतं, पाटीसारखं हवं होतं. मग अक्षरांबरोबर आम्ही एक घडीपत्रक केलं. त्यात चपलेचा प्रत्येक भाग रेषेत काढला, कान, अंगठा, वेणी, गोंडा, आणि शेजारी त्यांच्या घरात जे शब्द वापरतात तेच शब्द. परदेशात पाठवायच्या खोक्यात ते पत्रक जातं. त्याला खोक्यावर भौगोलिक मानांकनाचं (जीआय, म्हणजे वस्तू ठरावीक भागातलीच आहे याच्या सरकारी नोंदीचं) चिन्हही हवं होतं. कोल्हापुरी चपलेला ते २०१९ मध्ये मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण ते चिन्ह वापरायचा हक्क नोंदणीकृत वापरकर्त्यालाच असतो. त्याची नोंदणी नव्हती, म्हणून मी चिन्हाची जागा राखून ठेवली आणि त्याला आधी नोंदणी करायला सांगितलं. पुढच्या खेपेच्या खोक्यावर ते आलं. हा भाग मी कामाच्या माहितीत दोन ओळींत लिहिला. चित्रकाराने असंही सांगावं लागतं हे त्या मुलाला अपेक्षित नव्हतं, आणि त्यानेच माझं नाव पुढे दोघांना दिलं.

आत्तापर्यंतचं थोडक्यात, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल: काम जिथे वापरलं जातं तिथला फोटो, मधल्या टप्प्यातला एखादा फसलेला प्रयत्न, चार-पाच ओळींत गरज, अडचण आणि निर्णय. स्वतःहून केलेलं काम असेल तर तसा उल्लेख, आणि दाखवायची परवानगी कोटेशनमध्येच.

मधल्या टप्प्यांबद्दल एक गोष्ट गेल्या दोन-तीन वर्षांत नव्याने महत्त्वाची झाली आहे. आता नुसतं तयार चित्र बघून लोक विचारतात, हे एआयने केलंय का. रागावू नका, त्यांना खरंच ओळखू येत नाही. पेन्सिलच्या रफचा मोबाइलवर काढलेला साधा फोटो, त्यावरचे तुमचे बाण, क्लायंटने सांगितलेला बदल, एवढं शेजारी असलं की हा प्रश्न येत नाही. मी प्रत्येक कामाची वही जपून ठेवते आणि रोज काम संपताना टेबलाचा एक फोटो काढते. प्रत्येक फोटो वापरला जात नाही, पण लागतो तेव्हा असतो.

आता कुठे दाखवायचं. इथल्या उद्योजकांपर्यंत माझं काम इन्स्टाग्रामवरून कमी आणि व्हॉट्सॲपवरून जास्त पोचतं. कुणीतरी कुणाला तरी पाठवतो, "हे बघ, ह्यांनी केलंय." म्हणून मी एक पीडीएफ तयार ठेवते, सहा कामांची, उभ्या पानांची, मोबाइलवर झूम न करता वाचता येईल अशी. आकार पाच एमबीच्या आत. पहिल्याच पानावर नाव, गाव, फोन नंबर आणि मी काय करते हे एका वाक्यात. फोटो सुटे पाठवले तर व्हॉट्सॲप त्यांची बारीक रेष खाऊन टाकतं, म्हणून नेहमी डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि छपाईसाठीची सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या रंगांची) फाइल तशीच जेपीजी करून टाकू नका. तुमच्या तिसऱ्या कामातला हिरवा जो विचित्र दिसतोय, तो मला वाटतं त्यामुळेच. स्क्रीनसाठी वेगळी आरजीबी (लाल, हिरवा, निळा अशा स्क्रीनच्या रंगांची) फाइल काढा, एसआरजीबी या स्क्रीनच्या नेहमीच्या रंग-प्रोफाइलमध्ये.

पुस्तकवाल्यांसाठी मात्र ही पीडीएफ चालत नाही. त्यांना मी वेगळी करते, त्यात गूळ आणि चपला नसतात. एकाच पात्राची सलग आठ पानं असतात, आणि समोरासमोरच्या दोन पानांचं चित्र मधल्या घडीत कसं बसवलं ते दाखवणारा छापलेल्या पुस्तकाचा फोटो. घडीत चेहरा गेला की चित्र वाया जातं, आणि संपादक ते पहिल्यांदा बघतात.

देवनागरीवर तुमचा हात चांगला आहे, तो पुढे आणा. तुमच्या पोस्टरवरचा 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचा आलाय, फॉन्टने दिला तसा. मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्याला तो लगेच खटकतो. बऱ्याच चांगल्या फॉन्टांत मराठी वळणाची अक्षरं आत असतात, भाषा मराठी निवडली की ती येतात. जोडाक्षरं तुटत असतील तर सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगला दक्षिण आशियाई लिपींचा कंपोजर, म्हणजे अक्षरं नीट जुळवणारी सोय, चालू करा. इथे बसून काम करणाऱ्याला हे कळतं आणि बाहेरच्या मोठ्या स्टुडिओत अनेकदा कळत नाही. मला मुंबईहून आलेली दोन कामं केवळ यासाठी आली होती, की त्यांनी केलेलं मराठी लेबल मराठी दिसत नव्हतं.

यावरून तुमचा पुण्याचा प्रश्न. मी गेले नाही, म्हणून जाऊ नका असं मी म्हणणार नाही. तुम्हाला ॲनिमेशन किंवा ॲपचं डिझाइन करायचं असेल, मोठ्या टीममध्ये शिकायचं असेल, तर दोन-तीन वर्षं जाऊन येणं फायद्याचंच आहे. घरची जबाबदारी, भाडं, वय, हे सगळं तुमचं तुम्हाला माहीत. पण काम मिळत नाही एवढ्याच कारणाने जाऊ नका, कारण ही नऊ कामं अशीच दाखवलीत तर तिथेही हेच होईल. इथे मला छापखान्यात यंत्राशेजारी उभं राहता येतं, गुऱ्हाळ पाऊण तासावर आहे, चप्पल करणारा माणूस चालत जायच्या अंतरावर आहे. इलस्ट्रेशनमधला जिवंतपणा मला तिथून मिळतो आणि तो मी सोडू शकत नाही.

किती कामं दाखवायची, असंही तुम्ही मध्येच विचारलंय. नऊमधली चार ठेवा. लग्नपत्रिका, शाळेच्या भिंतीवरचं चित्र, हळदीच्या पाकिटाचं लेबल आणि रंकाळ्यावरची पक्ष्यांची मालिका. लोगो काढा, बाकीच्या तीन पोस्टर्समध्ये तुम्ही अजून दुसऱ्या कुणाच्यातरी हाताने काढताय असं मला वाटतं. हे माझं मत आहे, तुम्हाला त्यातलं एखादं फार जवळचं असेल तर ठेवा.

आणि सुरुवात लग्नपत्रिकेपासून करा. तुम्ही लिहिलंय की नवरीच्या आईने नऊवारीचा काठ तीनदा बदलायला लावला. तुम्हाला तेव्हा त्रास झाला असेल, पण का बदलायला लावला ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्यांच्या आईच्या लुगड्याचा तो काठ होता का? त्यांना फोन करून विचारा. छापलेली पत्रिका घरात असेलच. उद्या सकाळी खिडकीजवळच्या उजेडात तिचा फोटो काढा, शक्य झालं तर त्या लुगड्यावर ठेवून, शेजारी तुमचे तिन्ही काठांचे कच्चे नमुने मांडा, आणि त्या जे सांगतील ते त्यांच्या परवानगीने खाली लिहा. झालं की मला दाखवा, मी बघेन.